रत्नागिरीचं रबर वर्कशॉप: पांढऱ्या फेंडरपासून शाफ्टच्या बुशपर्यंत

रबराचा एखादा भाग साच्यातून करून घ्यायचा असेल आणि तो एका हंगामात फेकून द्यायची वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर रत्नागिरीच्या एमआयडीसीतलं हे वर्कशॉप मी मनापासून सुचवते. माझी सगळी नोकरी रबर कंपाउंडिंगच्या, म्हणजे रबरात काय आणि किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या, प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे अशा ठिकाणी गेल्यावर माझं लक्ष प्रेसकडे किंवा साच्यांकडे आधी जात नाही, पोत्यांकडे जातं. रबरात कोणती पूड घालतात, आणि त्या पुडीवर काय संस्कार करून मग ती घालतात, यावर त्या भागाचं आयुष्य ठरतं. इथे पोती उघडून दाखवतात आणि विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतात. एवढी गोष्ट मला मोठ्या शहरातल्या दुकानांतही क्वचित मिळाली आहे.

आमचं काम तीन प्रकारचं होतं. माझा चुलतभाऊ मालवणात पर्यटकांची फायबरची बोट चालवतो. धक्क्यावरून माणसं घ्यायची आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर सोडायची. त्या बोटीच्या कडेला लावायची डी आकाराची फेंडरपट्टी, म्हणजे धक्क्याचा मार झेलणारी रबरी पट्टी, आणि शिडीखालचे पॅड हवे होते, आणि ते पांढरेच हवे होते. काळं रबर धक्क्याला आणि बोटीला घासलं की काळे ओरखडे उठतात, माणसांच्या कपड्यांना डाग लागतात. सख्ख्या भावाची मासेमारीची बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असते. तिच्या पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचं बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती रबरी अस्तराची नळी, झिजलं होतं आणि इंजिनाखालची माउंटिंगं बसली होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट वर काढलेली असते, तेव्हाच ही कामं उरकतात. नारळी पौर्णिमेच्या आत सगळं जागेवर बसायला हवं.

पांढऱ्या पॅडचं आधी सांगते, कारण खरी परीक्षा तिथेच होती. चुलतभावाने आधी बाजारातून घेतलेले पॅड दिसायला शुभ्र होते, दाबून पाहिले तर भक्कम वाटत होते. पहिल्याच हंगामात बोल्टच्या भोकापासून चिरा गेल्या, आणि पृष्ठभागावर हात फिरवला की बोटांना खडूसारखी भुकटी लागायची. तो पॅड मी वर्कशॉपच्या मालकांपुढे ठेवला. त्यांनी त्यावर कडकपणा मोजायचं यंत्र टेकवलं, शोअर ए पासष्टच्या आसपास काटा थांबला. मग त्यांनी स्वतःच्या कपाटातून काढलेल्या पांढऱ्या तुकड्यावर टेकवलं. काटा तिथेच. भाऊ म्हणाला, "मग नंबर तर तोच आहे गो ताई, दुप्पट पैसे कशाला द्यायचे?"

मालकांनी उत्तर तोंडाने दिलं नाही. दोन्ही तुकड्यांच्या कडेला ब्लेडने सारखी चीर दिली आणि भावाच्या हातात ठेवून ताणायला सांगितलं. बाजारातला तुकडा चिरेपाशी फर्रकन फाटला. दुसरा ताणत गेला, चीर थोडी रुंदावली आणि अडली.

कडकपणाचं यंत्र रबराला अगदी थोडं दाबतं. एवढ्याशा दाबाला पूड नुसती जागा अडवून बसलेली असली तरी काटा वर जातो. रबर ताणलं, घासलं, फाडलं की मग कळतं पुडीने रबराला धरून ठेवलंय की नाही. बाजारातल्या त्या पॅडमध्ये व्हाइटिंग होतं, म्हणजे दळलेली चुनखडी. तिचे कण मोठे, आणि रबराशी त्यांचं काही नातं जडत नाही. ताण आला की कणाच्या भोवती रबर सुटतं, पोकळी पडते, तिथून चीर सुरू होते. चुनखडीवर स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेला प्रकारही मिळतो. त्याने पूड गुठळ्या न होता छान मिसळते, पाणी कमी धरते, मिश्रण मऊ चालतं. पण तो लेप कणाला चिकटतो, रबराला चिकटत नाही. त्यामुळे ताकद वाढत नाही. लेप दिलेली पूड म्हणजे चांगली पूड असं समजून खरेदी करणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते: लेप कशाचा आहे आणि त्याचं दुसरं टोक कुणाला धरतं, हे विचारायला हवं.

कार्बन ब्लॅकला, म्हणजे रबरात घालतात त्या काजळीसारख्या काळ्या पुडीला, हा प्रश्न फारसा येत नाही. त्याच्या पृष्ठभागाला रबराची मुळातच ओढ असते. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात कार्बनने रबर बळकट होतं हे लक्षात आलं, आणि पुढे टायर काळे झाले. त्याआधीचे टायर झिंक ऑक्साइडमुळे पांढुरके असत. पण कार्बनचंही सगळं बळ त्याच्या पृष्ठभागात असतं. आमच्या धंद्यात एक जुना प्रयोग शिकवतात. तोच कार्बन अडीच हजार अंशांच्या वर तापवला की कणांचा आकार जवळपास तोच राहतो, पण पृष्ठभागावरच्या रबराला धरणाऱ्या जागा नाहीशा होतात. मग त्याच प्रमाणात घातलेला तोच कार्बन ताणाला नीट विरोध करत नाही आणि रबर भराभर झिजतं. कण बारीक असणं ही अर्धीच गोष्ट, हे या प्रयोगाने माझ्या मनात कायमचं पक्कं केलं.

पांढऱ्या रबरात कार्बन चालत नाही, म्हणून सिलिका. इथे एक प्रश्न इकडचे लोक हमखास विचारतात, माझ्या भावानेही विचारला: आपल्या कासार्ड्याची सिलिका वापरता का? कणकवली तालुक्यातली ती वाळू काचेला आणि ओतकामाला उत्तम. रबरात मात्र ती जशीच्या तशी घातली तर प्रत्येक कण एक खडा ठरेल आणि रबर तिथूनच तुटेल. रबरातली सिलिका वेगळी. वाळू आणि सोडा वितळवून सोडियम सिलिकेट करायचं, मग त्यात आम्ल घालून सिलिका साक्याच्या रूपात खाली बसवायची. तिचे मूळ कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतात. टायरसाठी वापरतात त्या जातीच्या एका ग्रॅममध्ये साधारण १७५ चौरस मीटर पृष्ठभाग असतो, दोन बॅडमिंटन कोर्टांहून जास्त.

आणि हा एवढा पृष्ठभाग पाण्याचा लोभी. त्यावर सिलॅनॉल नावाचे गट असतात, ते हवेतली ओल ओढतात, एकमेकांना धरतात, आणि रबराकडे पाठ फिरवतात. नुसती सिलिका घातलेलं रबर मिसळायच्या मिलवर चिवट होतं, क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने रबर पिकवणं, रेंगाळतं कारण ते वेगाने घडवणारं रसायन, अॅक्सिलरेटर, सिलिकाच शोषून घेते, आणि तयार भाग थोड्या दाबाला कडक लागतो पण जास्त ताणाला ढिला पडतो. दाबून ठेवलं तर पूर्ववत होत नाही. समुद्राच्या पाण्यात राहिलं तर पाणी पितं. कोकणात वर्षातले चार महिने हवाच ओली, तेव्हा हा दोष इथे अधिक बोचतो.

यावरचा उपाय सिलेन. मालकांनी डबा उघडून दाखवला: पिवळसर द्रव, किंचित अल्कोहोलचा वास. या रेणूचं एक टोक सिलिकाच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध बांधतं आणि त्या वेळी इथेनॉल बाहेर पडतं. दुसऱ्या टोकाला गंधकाची साखळी असते, ती क्युअरिंगच्या वेळी रबराशी जोडली जाते. सिलिका आणि रबर यांच्यात खरा सांधा तयार होतो. सिलिकाचे कण एकमेकांना सोडतात, मिश्रण मऊ होतं. थोड्या ताणाला कडकपणा उतरतो, तिप्पट लांबीला ताणल्यावरचा विरोध चढतो, झीज कमी होते, दाबल्यावर परत उठणं सुधारतं. १९९२ मध्ये मिशलॅनने याच जोडीवर कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला. पावसात ओल्या रस्त्यावर पकड चांगली आणि चाक फिरताना वाया जाणारी शक्ती कमी, या दोन्ही गोष्टी तिने एकत्र साधल्या. पावसाळ्यात घाटातून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा या रसायनाशी संबंध आहे, फक्त ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं नसतं.

आता या वर्कशॉपला मी का मानते ते सांगते. सिलेन विकत आणून मिश्रणात ओतणं कुणालाही जमतं. ते सिलिकाशी बांधलं जाण्यासाठी मिसळताना साधारण १४० ते १५५ अंश तापमान काही मिनिटं टिकवावं लागतं. उघड्या दोन रोलच्या मिलवर तेवढी उष्णता साठत नाही. तापमान १६० च्या वर गेलं तर सिलेनमधलं गंधक सुटून रबर मिसळतानाच पिकायला लागतं. बऱ्याच छोट्या वर्कशॉपकडे फक्त मिल असते, तिथे सिलेनचा खर्च होतो पण काम अर्धवट राहतं. यांच्याकडे निडर आहे, म्हणजे बंद भांड्यात रबर मळणारं यंत्र. बॅच बाहेर काढल्यावर मालकांची सून तिच्या मधोमध सुईचा थर्मामीटर खुपसते आणि आकडा वहीत लिहिते. मी वही मागितली, तिने न कुरकुरता दिली. प्रत्येक बॅचचं तापमान, सिलिकाचं वजन, सिलेनचं वजन. सिलिकाच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास सिलेन, म्हणजे शंभर भाग रबरात चाळीस भाग सिलिका असेल तर सव्वातीन भागांच्या जवळ. एवढी लहान बॅच असेल की निडर भरत नाही, तर ते आधीच सिलेन बांधलेली सिलिका कारखान्यातून आणलेली वापरतात. महाग पडते, पण मिलवरही भागते.

पावसाळ्याची व्यवस्था मला फार आवडली. सिलेनला ओल लागली की त्याचे रेणू सिलिकाला धरायच्या आधी आपसांतच जुळतात आणि वाया जातात. म्हणून मोठा पिंप घेत नाहीत, लहान डबे घेतात आणि उघडलेला डबा लवकर संपवतात. सिलिकाची पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर, प्लास्टिक गुंडाळून. पूड फार ओली असेल तर क्युअरिंगच्या वेळी रबराच्या आत वाफेचे फुगे धरतात. मी एक जादा पॅड मागून घेतला आणि तिथेच आडवा कापायला लावला. आतून सलग, एकही छिद्र नाही, मधला भागही नीट पिकलेला. जाड तुकड्यात हे साधायला प्रेसचं तापमान उतरवून वेळ वाढवावा लागतो, आणि घाईचा माणूस नेमका तिथेच वेळ वाचवतो.

कपाटावर काचेच्या बरण्या ठेवल्या आहेत, गिऱ्हाइकाला दाखवायला. प्रत्येकीत रबर विरघळवणारं टोल्युइन, आणि तारेच्या जाळीत न पिकवलेल्या मिश्रणाचा तुकडा. व्हाइटिंगचं मिश्रण विरघळून तळाशी गाळ बसलाय. कार्बनचा आणि सिलेनवाल्या सिलिकाचा तुकडा फुगलाय, पण एकत्र आहे, कारण पुडीने धरलेलं रबर सॉल्व्हंटलाही सुटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत याच पद्धतीने धरून राहिलेलं रबर मोजायचे. रत्नागिरीच्या एका शेडमध्ये ती परीक्षा गिऱ्हाइकाला समजावून सांगताना पाहून मला खरोखर आनंद झाला. भाऊ त्या बरण्यांपुढे बराच वेळ उभा होता. नंतर पैशाबद्दल त्याने काही विचारलं नाही.

पॅडच्या बाबतीत त्यांनी एक निर्णय घेतला तो मला विशेष वाटला. मी पूर्ण मात्रेत सिलेन घाला म्हणत होते. त्यांचं म्हणणं, पॅडला घासण्यापेक्षा बोल्टच्या भोकाशी फाटण्याची भीती जास्त. सिलेन वाढवलं की बंध वाढतात, झीज सुधारते, पण रबर तुटण्याआधी कमी लांबतं आणि एका मर्यादेनंतर फाटण्याला होणारा विरोध खाली येतो. खाणीतल्या डंपरच्या टायरमध्ये चिरा जाऊ नयेत म्हणून कार्बनच्या जोडीला थोडी सिलिका सिलेनशिवाय घालण्याची पद्धत जुनी आहे, ती याच कारणाने. म्हणून फेंडरपट्टीला, जी दिवसभर धक्क्याला घासते, पूर्ण मात्रा. आणि पॅडला थोडी कमी. एकाच बोटीच्या दोन भागांना दोन मिश्रणं करणं म्हणजे त्यांच्या कामात भर, आणि त्यांनी ती न मागता केली.

शाफ्टच्या बुशबद्दल थोडक्यात. तिथे पांढऱ्याचा आग्रह नाही, म्हणून नायट्राइल या कृत्रिम रबरात कार्बन ब्लॅक. पितळी नळीच्या आत रबर, त्यात पन्हळी, त्यांतून पाणी वाहतं आणि तेच वंगण. खाडीच्या तोंडाशी वाळू उसळते, तिचा कण रबरात दबून पन्हळीतून निघून जायला हवा. मालक म्हणाले, "याला सिलिका नको, उगाच खर्च. कार्बनचं काम कार्बनच करील." स्वस्त पर्याय स्वतःहून सुचवणारा दुकानदार भेटला की त्याच्या महागड्या सल्ल्यावरही विश्वास बसतो. नळीची आतली बाजू खरखरीत करून, चिकटद्रव लावून मग रबर दाबून भरलं होतं. एका बाजूला चिकटवण पुसलेलं दिसलं, तेवढी नळी त्यांनी मी बोलायच्या आत बाजूला काढली.

इंजिनाच्या माउंटिंगला त्यांनी आधी विचारलं की डिझेल किंवा ऑइल गळतं का. नैसर्गिक रबर धक्के उत्तम झेलतं, पण तेलात फुगतं. गळती थोडी होती, म्हणून वर पत्र्याची टोपी बसवायला सांगितली आणि रबर नैसर्गिकच ठेवलं. त्यात जाड कणांचा कार्बन, एन ६६०. बारीक कणांचा कार्बन जास्त घातला की कणांचं आपसांत जाळं होतं. इंजिनाच्या बारीक थरथरीला ते जाळं ताठ उभं राहतं, म्हणून थरथर सांगाड्यात उतरते. आणि ते सतत मोडत-जुळत राहिल्याने रबर आतून तापतं. याला पेन परिणाम म्हणतात. माउंटिंग बसवल्यावर केबिनमधल्या भांड्यांचा खडखडाट कमी झाला, हे बोट चालवणाऱ्या तांडेलानेच सांगितलं.

नैसर्गिक रबराचे शीट त्यांच्याकडे काही वेळा दोडामार्गच्या बागांतून येतात, असं कळलं. तिथे आता रबराची लागवड बरीच आहे. नैसर्गिक रबर ताणलं की त्याचे रेणू ओळीत लागून स्फटिकासारखे घट्ट होतात, त्यामुळे पूड न घालताही ते वीस मेगापास्कलच्या वर ताकद दाखवतं. टायरमधलं कृत्रिम एसबीआर पुडीशिवाय दोन-तीन मेगापास्कलवर तुटतं आणि चांगल्या कार्बनने वीसच्या वर जातं. आमच्या पट्टीत दोन्हींचं मिश्रण होतं, आणि पुडीवरचे संस्कार एवढे महत्त्वाचे का, ते या आकड्यांवरून लक्षात येईल.

उणिवाही आहेत. वेळ फार लागतो. बंदीच्या काळात सगळ्यांचीच कामं एकदम येतात, त्यामुळे मेच्या मध्याआधी माप आणि नमुना देऊन ठेवा. नवा साचा लागला तर त्याचा खर्च वेगळा, आणि चार-सहा नगांसाठी तो परवडत नाही. आहे त्या साच्यांत काय बसतं ते आधी विचारा. लेखी चाचणी-अहवाल आपणहून देत नाहीत. आयएस ३४०० या रबर-चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे ताण आणि झीज तपासून हवी असेल तर नमुना बाहेर पाठवतात, त्याचे पैसे आणि दिवस आपले. कडांवरचं फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा रबर, नीट कापलेलं नव्हतं, पट्टीला बसवताना आम्हालाच ब्लेड चालवावं लागलं. आणि पांढऱ्या रबराला उन्हापासून कार्बनचं संरक्षण नसतं. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड घातली तरी कोकणच्या उन्हात ते पिवळट पडणार, बारीक भेगा काळ्यापेक्षा लवकर येणार. हे मालकांनी स्पष्ट सांगितलं, पण दरपत्रकात लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं, कारण प्रत्येक गिऱ्हाईक विचारेलच असं नाही.

दर बाजारातल्या व्हाइटिंगवाल्या पट्टीच्या साधारण दुप्पट. काळं घेतलं तर फरक बराच कमी.

पाचपैकी साडेचार. जाताना जुना झिजलेला भाग धुऊन सोबत न्या, तो कुठे फाटला किंवा घासला ते तसंच दिसू द्या, आणि तो पाण्यात, तेलात की उन्हात असतो ते सांगा. शेडच्या दारासमोर टेम्पो उभे असतात, गाडी रस्त्याच्या कडेलाच लावावी लागते. दुपारी एक ते अडीच जेवणाची सुट्टी असते. सुनेकडे बॅचची वही मागा. आपल्या मालाचा बॅच नंबर बिलावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तेच मिश्रण मागता येतं.